विश्लेषण : एकाच जनुकीय बदलाला दोन क्रमांक का?

समजा, पेणमधील भावाच्या थॅलेसेमिया तपासणीत ‘आयव्हीएस-१-५ जी>सी’ असे लिहिले आहे आणि रोह्याला दिलेल्या बहिणीच्या अहवालात ‘एचबीबी सी.९२+५जी>सी’. दोघांत वेगवेगळे दोष आहेत का? नाही. बदल एकच आहे, फक्त मोजण्याची रीत वेगळी.

मोजणी कुठून होते?

कोकण रेल्वेचे अंतर रोह्यापासून मोजतात. तेच दिव्यापासून मोजले तर कोलाडचा आकडा बदलेल, स्थानक मात्र जागचे हलणार नाही. जनुकाचेही असेच आहे. पेशी जनुकाची नक्कल काढते, तिला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. प्रथिनाची सूचना जिथे सुरू होते, ते अक्षर ‘सी.१’. त्याच्या अलीकडची अक्षरे उणे, रोह्याच्या अलीकडच्या पेणसारखी. नकलेतून कापून टाकला जाणारा तुकडा म्हणजे इन्ट्रॉन. ‘९२+५’ म्हणजे ९२व्या अक्षरानंतरच्या इन्ट्रॉनमधील पाचवे अक्षर. तिथे ‘जी’ऐवजी ‘सी’ आल्याने कापणी-जोडणी बिघडते आणि बीटा ग्लोबिन फारच कमी बनते. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत हाच बदल सर्वाधिक आढळतो.

गोंधळ कुठे होतो?

सिकलसेलचा बदल जुन्या पद्धतीत सहाव्या स्थानी, तर नव्या पद्धतीत सातव्या स्थानी लिहितात. प्रथिन बनताना पहिले अमिनो आम्ल गळून पडते. जुनी पद्धत ते मोजत नसे, नवी मोजते. अडचण अशी, की जुन्या मोजणीत सहावे आणि सातवे ही दोन्ही आम्ले ग्लुटामिक आम्लच आहेत. त्यामुळे चुकीचे स्थान वाचूनही काही खटकत नाही.

अहवालात काय पाहावे?

एकाच जनुकाच्या अनेक नकला असू शकतात, म्हणून क्रमांकासोबत नकलेचे नाव हवे. बीटा ग्लोबिनसाठी ते ‘एनएम_०००५१८.५’. प्रत्येक जनुकासाठी एक प्रमाण नकल ठरवण्याचे काम अमेरिका आणि युरोपातील संस्थांनी ‘मेन’ या संयुक्त प्रकल्पातून केले आहे.

नाव कळले म्हणजे अर्थ कळला असे नाही. रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी अशा पाच वर्गांत बदल मोडतात. ‘अनिश्चित’ म्हणजे रोग नव्हे.

थॅलेसेमियाचा वाहक बहुधा निरोगीच असतो. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भाची तपासणी करताना दोघांचे नेमके बदल आधी माहीत असावे लागतात. म्हणून जुना अहवाल फेकू नये; नव्यासोबत तोही जनुकीय समुपदेशकाला दाखवावा.