पहिली खुर्ची कोणाची?

अमेरिकेतल्या अनेक शाळांच्या बँडमध्ये तुम्ही कुठे बसता, यावरून तुमचा नंबर कळतो. बारा क्लॅरिनेटवाले असतील, तर पहिल्या खुर्चीवर सगळ्यात चांगला वाजवणारा, बाराव्या खुर्चीवर शेवटचा. आणि हे रोज, सगळ्यांसमोर. आपला निकाल निदान घरी तरी लपवता येतो!

खुर्ची ठरते वाजवून दाखवण्याच्या परीक्षेवर. काही शाळांत ‘चॅलेंज’ही असतं. म्हणजे तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी दुसऱ्या खुर्चीवरच्या मुलाला आव्हान देते, दोघं एकच तुकडा वाजवतात, जिंकेल तो वर. समोरचा बहुतेक वेळा आपला मित्रच असतो, बरं का. शिक्षकांचा कल आड येऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी मध्ये पडदा लावतात. टेक्ससच्या ऑल-स्टेट बँडच्या चाचण्याही पडद्याआडूनच होतात.

आता खरी गोम. क्लॅरिनेटचे सहसा तीन भाग असतात. मुख्य धून जास्त करून पहिल्या भागाकडे, तिसरा खालचे सूर भरतो. सगळे तगडे वादक पहिल्या भागात बसवले, की खालची बाजू पोकळ वाजते. शिवाय तिसऱ्या भागातल्या मुलांच्या वाट्याला अवघड काही येतच नाही, मग ती सुधारणार कशी? म्हणून काही शिक्षक चांगले वादक तिन्ही भागांत वाटतात, नाहीतर दर रचनेला खुर्च्या बदलतात. मला विचाराल तर परीक्षा ठेवा, पण खुर्च्या फिरवा. सोलोसाठी मात्र वेगळी चाचणी घ्या, तिथे चुरस हवीच.