कमान (स्थापत्यशास्त्र)

कमान ही दोन आधारांमधील अंतर सांधणारी वक्राकार रचना होय. तिच्यावरील भार वक्राच्या मार्गाने, मुख्यतः दाबाच्या रूपात, आधारांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे कमानीचा आकार केवळ शोभेसाठी नसून तो बांधकामातील बलांशी निगडित आहे.

बलांचे स्वरूप

दोन खांबांवर आडवी ठेवलेली तुळई भारामुळे किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु ताणाने सहज तडकतो. म्हणून दगडी तुळयांच्या इमारतींत, उदा. हेमाडपंती देवळांत, खांब जवळजवळ असतात. कमानीतील पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेलून राहतात आणि भार त्यांना अधिकच घट्ट करतो. मात्र शिरोभागीचा चावीचा दगड बसेपर्यंत कमानीला खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो.

साखळीचा नियम

दोन टोकांना टांगलेल्या सैल साखळीत केवळ ताण असतो. तिचा वक्र उलटा केल्यास त्याच आकाराच्या कमानीत स्वतःच्या वजनामुळे केवळ दाब निर्माण होतो. हे तत्त्व रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मांडले. अर्धवर्तुळाकार कमानीचा वक्र याहून वेगळा असतो. तरीही दाबाची रेषा कमानीच्या जाडीतच राहिली, तर ती टिकते.

आडवा रेटा

कमान आपले आधार बाहेरच्या बाजूस ढकलते. तिची उंची कमी असेल, तर हा रेटा वाढतो. तो पेलण्यासाठी जाड भिंती, टेकू किंवा कठीण खडक लागतो. युरोपातील गॉथिक चर्चच्या बाहेरील अधांतरी भासणारे टेकू याच कारणाने उभारले गेले. जम्मू-काश्मीरमधील चिनाब रेल्वे पुलाची ४६७ मीटर लांबीची पोलादी कमान दरीच्या दोन्ही उतारांवर टेकलेली आहे.

आधारांचे महत्त्व

आधार सरकल्यास कमानीला भेगा पडतात. पाया खचल्यास ती कोसळू शकते. पुराच्या वेळी खांबांभोवतीची माती वाहून जाण्याचा धोका असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला व एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह काही वाहने वाहून गेली. त्यामुळे जुन्या पुलांच्या तपासणीत कमानींइतकीच पाण्याखालील पायाची पाहणीही आवश्यक ठरते.