भिजलेल्या गवताचा दिवस

सकाळी ७
ऑक्टोबरची अखेर. खडवलीतून कसारा लोकल गेली. भातसेच्या काठापासून वर, माळावर, परवा कापलेलं गवत रात्रीच्या पावसानं जमिनीला चिकटलंय. मजुरीला आलेल्या मावशी अजून त्याला हात लावत नाहीत. दव असताना उलथलं तर ओल फक्त जागा बदलते. बांधावर बसून चहा.

सकाळी ९.३०
पदर खोचला. दुबेळक्या काठीनं गवत उचलायचं, झटकायचं, पातळ पसरायचं. कापलेल्या खुंटांवर ते टेकून राहतं, खालून वारा खेळतो. खोलगट जागेतलं मात्र ओढत बांधावर न्यावं लागतं. भिजलेला भारा डोक्यावर घेतला की मान जाते.

सकाळी ११.३०
निवडणं. हे खरं डोळ्याचं काम. पिवळं पडलेलं चालतं. पावसानं त्यातली गोडी धुऊन गेलेली असते, पण जनावर खातं. काळं, पांढरी बुरशी धरलेलं बाजूला. ते गाभण म्हशीला घातलं तर गाभ पडायची भीती. तो ढीग उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला जाईल. वाया काही जात नाही, पैसे तेवढे जातात.

दुपारी १.३०
तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. मजुरी बाईला चारशे, गड्याला सहाशे. काठी मात्र एकाच वजनाची. वरचा थर खुळखुळायला लागला, तशी दुसरी उलथणी.

दुपारी ४
मूठभर गवताला पीळ दिला. काडी मोडली तर वाळलं, नुसती वाकली तर नाही. निम्मंच मोडलं. तेवढ्याचेच भारे. बाकीचं घाईनं गंजीत दाबलं तर आतून तापतं, वाफ धरतं, काही दिवसांनी आपोआप पेटूही शकतं. ते सैल ढिगात, वर ताडपत्री. ताडपत्रीला दोन भोकं. त्यावर प्लॅस्टिकची गोणी.

संध्याकाळी ५.३०
तबेलेवाला टेम्पो घेऊन आला. भाऱ्यात हात घातला.
"शेठ, वास तरी घ्या."
"वासच घेतोय, मावशी."
दर पाडलाच. मालकानं कापायची मजुरी परवा दिली, वाळवायची आज. गवत तेवढंच.

तुमच्याकडे गुरं असतील आणि पावसानंतर गवत घ्यायचं असेल, तर भाऱ्यात कोपरापर्यंत हात घाला. वरून सगळंच कोरडं दिसतं.