विश्लेषण : मधुमेहाचा खरा दवाखाना घरातच! खान्देशातील आरोग्य केंद्रे रुग्णाला त्यासाठी कशी तयार करू शकतील?

मधुमेहाची गोळी गावाजवळच्या सरकारी केंद्रात मोफत मिळते. पण रक्तातील साखर वाढते किंवा घसरते ती ताटावर, शेतात आणि भर उन्हात. जळगाव, धुळ्यातील उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिरे’ झाली आहेत आणि तपासणी गावात पोहोचली आहे. निदान झालेल्या माणसाला स्वतःचा आजार स्वतः सांभाळायला शिकवायचे कसे, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

प्रश्न किती मोठा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले होते. काबाडकष्ट करणाऱ्या सडपातळ माणसाला ‘शुगर’ होत नाही, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की, भारतीय बाळ वजनाने लहान असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते.

गावात सध्या काय मिळते?

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज आशा सेविका भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजारांची नोंद असते. चारपेक्षा जास्त गुण मिळालेल्यांची तपासणी प्राधान्याने व्हावी, असा नियम आहे. समुदाय आरोग्य अधिकारी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहतात. शंका आल्यास रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले जाते आणि तेथील डॉक्टर निदान करून औषध ठरवतात. ही साखळी रुग्ण शोधण्यासाठी उभी राहिली. मात्र, शोधलेल्या रुग्णाची आयुष्यभर सोबत करणे हे वेगळे काम आहे.

केवळ गोळी पुरेशी का नाही?

रुग्ण महिन्यातून एकदा केंद्रात आला आणि दहा मिनिटे बोलला, तर वर्षाचे होतात दोन तास. उरलेले ८ हजार ७५८ तास निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे असतात. स्वव्यवस्थापन शिक्षणावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ‘एचबीए१सी’ चाचणी एक टक्क्याने खाली आणायला सरासरी सुमारे २४ तासांचा संपर्क लागतो, असे त्यात दिसले. शिकवणे थांबले की परिणामही ओसरत जातो. हा एक टक्का किरकोळ नाही. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात एक टक्का घटीमागे डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला होता.

खान्देशात वेगळे काय?

पहिली गोष्ट ऊन. भुसावळ, जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते गोठताही कामा नये. फ्रिज नसलेल्या किंवा भारनियमन असलेल्या घरात ओली वाळू घातलेल्या मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून त्यात वापरातली बाटली ठेवण्याचा उपाय उपयोगी पडतो. पायांच्या संवेदना गेलेल्या रुग्णाला तापलेल्या मातीचा चटका कळत नाही, त्यामुळे अनवाणी शेतात जाणे महागात पडते. रोज रात्री तळपाय पाहण्याची सवय पाय वाचवू शकते.

दुसरी गोष्ट ताट. ‘गोड बंद’ एवढा सल्ला आखाजीच्या आमरस-पुरणपोळीपुढे टिकत नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, पालेभाजी हे इथलेच जेवण चांगले आहे, पण प्रमाण सांगावे लागते. केळीच्या जिल्ह्यात केळे वर्ज्य करण्यापेक्षा एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती त्या वेळच्या भाकरीतून वजा करायची, हे शिकवणे अधिक उपयोगाचे. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हेही सांगायला हवे.

सर्वांत मोठा धोका कोणता?

साखर अचानक घसरण्याचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने उपाशीपोटी निंदणी-कापणी केली, तर घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसू शकतात. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र जवळ नसेल तर लक्षणे दिसताच साखर घ्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला थेट रुग्णालयात न्यावे. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणे गरजेचे.

केंद्रे काय करू शकतील?

उत्तराचा काही भाग महाराष्ट्रातच सापडतो. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होते. सोपी उपचारपद्धत, एकावेळी किमान ३० दिवसांची औषधे, परिचारिका-आशांचा सहभाग आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची सूत्रे. २०२२ मध्ये या उपक्रमाचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने गौरव झाला. हीच घडी मधुमेहाला लागू पडते.

खान्देशापुरती त्यात भर घालावी लागेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना जाण्याआधीच जास्त दिवसांचे औषध आणि नोंदीचे कार्ड द्यावे लागेल. समजावणे अहिराणी, लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी अशा बोलींतून व्हायला हवे. एकेकट्या रुग्णाला २४ तास देणे कोणत्याही केंद्राला शक्य नाही. पण १५-२० रुग्णांचा गट महिन्यातून दोनदा तासभर बसला, तर वर्षात तेवढेच तास भरतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा अर्जांमागे जाणारा वेळ मोकळा करावा लागतो आणि कामाचे मोजमाप बदलावे लागते. किती जणांची तपासणी झाली, याबरोबरच किती जणांची साखर आटोक्यात राहिली, हेही मासिक आढाव्यात विचारले गेले पाहिजे.