किनाऱ्याचा आराखडा आणि आपली हरकत

नदीकाठ किंवा समुद्रकिनारा सुशोभित होणार, तेथे बाग व फिरण्याचा रस्ता होणार, अशी बातमी आली की त्या पट्ट्यातील गाळेधारकाच्या पोटात गोळा येतो. मग सभा होते, मोर्चा निघतो, पुढाऱ्यांना निवेदन दिले जाते. पण ज्या कागदाची कायद्याने दखल घ्यावीच लागते, तो कागद मात्र दाखल होत नाही. हा कागद म्हणजे मुदतीत दिलेली लेखी हरकत.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पूर्व किनाऱ्यावर बंदराची जमीन आहे. दारूखान्यातील भंगार व लोखंडाचा धंदा, रे रोडची गोदामे याच पट्ट्यातली. २०१८ मध्ये राज्य शासनाने या जमिनीसाठी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. त्याच वर्षअखेर आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागविण्यात आल्या. अशा वेळी काय करावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे तयार होतो. त्याची पहिली पायरी म्हणजे आज कोणत्या जमिनीवर काय चालते याचा नकाशा (कलम २५). आमच्या मते खरी लढाई येथेच आहे. तुमचा कारखाना या नकाशावर नसेल, तर पुढे त्या जागी हिरवा रंग भरताना कोणाचा हात अडखळणार नाही. म्हणून पाहणी करणारे आले की दार लावून घेऊ नका. परवाना, वीजबिल, भाडेपावती दाखवा व नोंद करून घ्या.

दुसरी पायरी मसुद्याची. त्याची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रात येते आणि हरकतीची मुदतही त्यातच असते (कलम २६). त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते (कलम २८). ही सुनावणी हरकत नोंदविणाऱ्यांसाठी असते. ज्याने अर्जच केला नाही, त्याला तेथे बोलण्याचा हक्क सांगता येत नाही. अखेरची मंजुरी राज्य शासन देते.

हरकत लिहिताना नकाशाचा व भूखंडाचा क्रमांक घाला. धंदा किती वर्षांचा, कामगार किती, माल कोठून येतो व कोठे जातो, हे लिहा. पुरावे जोडा, सुनावणीची मागणी करा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. नुसते ‘आमचा विरोध आहे’ लिहून भागत नाही. काय हवे, तेही सांगा.

याचे फळ अहमदाबादेत दिसले. तेथील गुजरी बाजार सुलतान अहमदशहाच्या काळापासूनचा मानला जातो. साबरमती रिव्हरफ्रंट प्रकल्पात तो उठण्याची वेळ आली. विक्रेत्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितलीच, शिवाय शहरातील नामांकित संस्थांच्या जाणकारांची मदत घेऊन बाजाराचा पर्यायी नकाशा मांडला. २०१४ मध्ये नदीकाठीच बाजाराला नवी जागा मिळाली. मागणीबरोबर नकाशाही होता, हे विसरता कामा नये.

फेरीवाल्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याचा आणखी आधार आहे. पाहणी पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत त्यांना हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य त्यांचेच निवडून आलेले असावे लागतात.

आमची सूचना एवढीच : प्रत्येक बाजाराच्या संघटनेने राजपत्र व वर्तमानपत्रांतील सूचनांवर लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस नेमावा आणि सर्व सभासदांचे कागद आजच एका फायलीत लावावेत. सूचना निघाल्यावर कागद शोधू लागलो, तर मुदत शोधण्यातच संपते.