अपुऱ्या दिवसांचें बाळ

सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, अशी एक समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिला आधार कांहींच नाहीं. गर्भाशयांत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची जगण्याची शक्ति वाढवीतच असतो. आठव्या महिन्यांत आलेलें बाळ सातव्यांत आलेल्या बाळाहून अधिक तयार असतें. परंतु या समजुतीचा एक परिणाम मात्र खरा आहे. दिवस भरण्यापूर्वीं बाळ आलें कीं घरांतील वडील मंडळी निम्मी आशा तेथेंच सोडतात, आणि उरलेली निम्मी कांचेच्या पेटीवर ठेवतात. या हिशोबांत आई कोठेंच नसते. तिनें आपलें बाळंतपण सांभाळावें, बाळाचें काय तें डॉक्टर पाहतील, असें जो तो म्हणतो. गेल्या चार-साडेचार तपांत वैद्यकशास्त्रास जें उमगलें आहे, तें मात्र नेमकें याच्या उलट आहे.

३७ आठवडे पुरे होण्याआधीं जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचें म्हणावयाचें. २०२० सालीं जगांत अशीं सुमारें १ कोटी ३४ लक्ष बाळें जन्मलीं. त्यांपैकीं जवळ जवळ ३० लक्ष एकट्या भारतांत. या बाळांचे शत्रु कोणते? फुप्फुसें कच्चीं असल्यामुळें होणारा श्वासाचा त्रास हा एक, आणि त्याला यंत्र व औषध यांवांचून गत्यंतर नाहीं. पण थंडी, उपासमार आणि जंतुसंसर्ग हे जे बाकीचे, त्यांवरचा बराचसा इलाज आईच्या अंगींच असतो, आणि येथें ‘अंगीं’ हा शब्द अगदीं अक्षरशः घ्यावयाचा आहे.

मराठवाड्यासारख्या तापट मुलखांत बाळाला थंडीचें भय कसलें, असें कोणासहि वाटेल. छत्रपति संभाजीनगरच्या पौषांतल्या पहाटा चांगल्याच गार असतात, ही गोष्ट सोडून दिली तरी वैशाखांतसुद्धां ओलें बाळ पंख्याखालीं ठेवलें तर कांहीं मिनिटांत गार पडतें. मोठ्या माणसाला थंडी वाजली तर तो कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यानें अंगांत ऊब येते. नवजात बाळाला कुडकुडतां येत नाहीं. त्याची शेगडी निराळी: खांद्यांच्या फऱ्यांमध्यें, मानेपाशीं व मूत्रपिंडांभोंवतीं एक तपकिरी चरबी असते, जळून उष्णता देणें हेंच तिचें काम. ही चरबी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत सांठते. बत्तिसाव्या आठवड्यांत आलेल्या बाळाजवळ ती फार थोडी असते. त्यांत त्वचा पातळ, आणि वजनाच्या मानानें अंगाचा पृष्ठभाग मोठा. पातेल्यांतल्या दुधापेक्षां वाटींतलें दूध लौकर निवतें, तोच प्रकार. गार पडलेलें बाळ अंगांतली साखर आणि प्राणवायु ऊब टिकविण्यांत खर्ची घालतें. मग वाढीला कांहीं उरत नाहीं, दूध ओढण्याची शक्ति जाते, श्वास अडखळूं लागतो. वजन काट्यावर चढत नाहीं म्हणून दुधाला दोष देणाऱ्यांनीं आधीं बाळाच्या पावलांना हात लावून पाहावा.

ही परीक्षा कोणत्याहि आजीला करतां येण्याजोगी आहे. हाताची मागची बाजू प्रथम बाळाच्या पोटाला व मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार लागले तर बाळ थंडीशीं झगडूं लागलें आहे असें समजावें, आणि पोटहि गार लागलें तर क्षणाचाहि विलंब न लावतां बाळाला छातीशीं धरून दवाखाना गांठावा. त्याचें तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलें पाहिजे.

आतां ही ऊब द्यावयाची कशी? कांचेची पेटी हें एक उत्तर आहे, आणि तिनें असंख्य बाळें वांचविलीं आहेत. दुसरें उत्तर अडचणींतून निघालें. कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथील एका सरकारी प्रसूतिगृहांत १९७८ सालीं डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांच्यापुढें रोकडा प्रश्न होता: बाळें फार, पेट्या थोड्या. एकाच पेटींत दोन-दोन, तीन-तीन बाळें ठेवावीं लागत, एकाचे जंतु दुसऱ्यास लागत, आणि आठवडेंच्या आठवडे बाळापासून तुटलेल्या कित्येक माता पुढें तें बाळ नेण्यासहि येत नसत. कांगारूचें पिलूं अगदींच अर्धवट स्थितींत जन्मतें व आईच्या पोटावरील पिशवींत, स्तनाला धरून, उरलेली वाढ पुरी करतें. त्याच धर्तीवर डॉ. रेय यांनीं उघडें बाळ आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्यास सुरुवात केली. पेटी नाहीं म्हणून काढलेली ती तोड होती. पुढें जगभर तपासण्या झाल्या तेव्हां असें आढळलें कीं, ही तोड मूळ वस्तूहून उणी तर नाहींच, उलट कांहीं बाबतींत सरस आहे. ‘कांगारू मदर केअर’ हें नांव त्या पद्धतीस तेव्हांपासून चिकटलें.

तरीहि बरींच वर्षें एक नियम पाळला जाई. बाळाची प्रकृति आधीं स्थिर होऊं द्यावी, मग त्याला आईकडे द्यावें. हा नियम वरवर पाहतां शहाणपणाचा दिसतो. दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेंतील चार रुग्णालयें अशा पांच ठिकाणीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची परीक्षा पाहिली. १ किलोपासून १ किलो ८०० ग्रॅमच्या आंतील ३२११ बाळें दोन गटांत घेतलीं. एका गटांतील बाळें स्थिर होईपर्यंत पेटींत. दुसऱ्या गटांतील बाळें जन्मानंतर शक्य तितक्या लौकर आईच्या छातीवर, आणि त्यासाठीं आईची खाटच अतिदक्षता कक्षांत. पहिल्या गटांत पहिल्या २८ दिवसांत शेंकडा १५·७ बाळें दगावलीं, तर दुसऱ्या गटांत १२. म्हणजे दर सत्तावीस बाळांमागें एक अधिक बाळ जगलें. फरक इतका स्पष्ट होता कीं प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. पुढें चालविणें हा पहिल्या गटावर अन्याय झाला असता. हे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत संघटनेनें सल्ला बदलला: श्वास स्वतः घेतां न येणें किंवा रक्ताभिसरण ढासळणें अशी गंभीर स्थिति नसेल तर ही सेवा जन्मतःच सुरू करावी, आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितके साधतील तितके, चालू ठेवावी.

या एका वाक्याचा अर्थ किती दूरवर जातो हें समजण्यास संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे पाहावें. पाणचक्कीच्या बाजूचें हें शासकीय रुग्णालय १९५६ सालीं स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचें. २०२३ सालीं शहराचें नांव बदललें तरी रुग्णालयाचें ‘घाटी’ हें लोकांच्या तोंडचें नांव कायम आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शेजारचा बुलढाणा, इतक्या दुरून रोगी येथें येतात. समजा, सिल्लोडकडची एखादी स्त्री बत्तिसाव्या आठवड्यांत तेथेंच बाळंत झाली. बाळ चौदाशें ग्रॅमचें. त्याला तांतडीनें साठ-पासष्ट किलोमीटरांवरील शहरांत पाठवावयाचें ठरतें. गाडींत बसतो बाप किंवा आजी. टांके घातलेली आई मागें राहते. बाळ कपड्यांच्या बोचक्यांत गुंडाळलेलें. स्वतः उष्णता निर्माण करूं न शकणाऱ्या जिवाला कितीहि कपडे गुंडाळले तरी तीं गुंडाळलेलीं वस्त्रें ऊब देत नाहींत, असलेली ऊब फक्त धरून ठेवतात. त्याच गाडींत आई असती, किंवा आईला येणें अशक्य असल्यास बापानें सदरा काढून बाळ छातीशीं बांधलें असतें, तर प्रवासाचा तो दीड तास बाळाला उबेंत गेला असता. प्राणवायूची गरज असल्यास ती अर्थातच वेगळी पुरवावी लागते. मोठ्या शहरांतील खासगी इस्पितळांतहि चित्र फारसें निराळें नसतें; तेथें अंतर किलोमीटरांचें नसून दोन मजल्यांचें असतें, इतकेंच. आई तिसऱ्या मजल्यावर, बाळ पहिल्यावर, आणि मध्यें भेटीच्या वेळा लिहिलेली पाटी. सुशिक्षित कुटुंबांनीं डॉक्टरांना पहिल्याच दिवशीं विचारावयाचा प्रश्न कोणता, तर ‘पेटी कोणत्या देशाची?’ हा नव्हे. ‘आईला आंत केव्हां घेणार?’ हा.

कृति सोपी आहे. बाळाच्या अंगावर टोपडें, लंगोट आणि पायमोजे एवढेंच ठेवावें. पुढून उघडणारी सैल चोळी किंवा झगा घातलेल्या आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्यें तें उभें ठेवावें. मान एका बाजूस वळलेली व किंचित् वर उचललेली असावी, म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. हनुवटी छातीवर टेकूं देऊं नये. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ कापडानें बाळाला आईशीं बांधावें. गांठ बाळाच्या पोटावर दाब देणारी नसावी. आईनें पाठीमागें उशा घेऊन अर्धवट टेकून बसावें. एका बैठकीला निदान एक तास तरी द्यावा, कारण सारखी उचलठेव केल्यानें बाळाचा दम मोडतो. प्राणवायूची नळी किंवा शिरेंतील सुई असली तरी परिचारिकेच्या मदतीनें हें करतां येतें. आईच्या श्वासाची लय व हृदयाचे ठोके बाळाच्या कानाशीं असतात. त्याचे स्वतःचे ठोके आणि श्वास त्यानें नियमित होतात, तें रडतें कमी व झोंपतें अधिक. आईच्या त्वचेवरचे निरुपद्रवी जंतु बाळाच्या अंगावर वस्ती करतात आणि रुग्णालयांतील उपद्रवी जंतूंना जागा कमी उरते.

शिवाय दूध वाढतें. बाळ छातीवर असलें कीं आईच्या अंगांत पान्हा फुटण्याची क्रिया जोर धरते, हें लेकुरवाळीस सांगावयास नको. पण येथें एक अडचण आहे. चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें या तिहींचा मेळ सुमारें चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बाळाला नीट साधत नाहीं. त्याआधीं जबरदस्तीनें अंगावर पाजावयास गेलें तर दूध श्वासनलिकेंत जाण्याचा धोका. म्हणून फार लहान बाळाला नळीनें, आणि बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या बाळाला वाटी-चमच्यानें किंवा बोंडल्यानें दूध द्यावयाचें. आजीच्या फडताळांत पडून असलेलें तें चोंचीचें बोंडलें अजूनहि उपयोगी आहे. उकळून घ्यावें म्हणजे झालें. रबरी बुचाची बाटली मात्र नको. ती नीट स्वच्छ होत नाहीं, आणि तिची संवय लागलेलें बाळ अंगावर पिण्यास कंटाळा करतें.

दूध आईचेंच. बाळ पिऊं शकत नाहीं म्हणून आईनें स्वस्थ बसूं नये. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लौकर, पहिल्या कांहीं तासांतच, हातानें दूध काढण्यास लागावें आणि पुढें दिवसरात्र दर दोन-तीन तासांनीं काढावें. पहिल्या दिवसाचा पिंवळट चीक चार थेंबच निघतो, आणि तें पाहून आईचा धीर खचतो. परंतु त्या चार थेंबांतील संरक्षक द्रव्यें कोणत्याहि डब्यांत मिळत नाहींत, आणि बाळाच्या पोटाची पहिल्या दिवसाची झेंपहि तेवढीच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधांत आरंभीं प्रथिनें अधिक असतात, ही निसर्गाची योजना थक्क करणारी आहे. पावडरीच्या दुधावर वाढविलेल्या अशा बाळांत आंतडें सुजून सडण्याचा भयंकर विकार अधिक प्रमाणांत आढळतो. आईला दूध पुरेसें नसेल तर दुसऱ्या मातेनें दान केलेलें, ६२·५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेलें दूध वापरतात. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं काढलेली मातृदुग्धपेढी ही आशियांतील पहिली. मध, गूळपाणी आणि सहाणेवर उगाळलेली गुटी यांतलें कांहींहि या बाळाच्या तोंडाला लावूं नये. लोह व ‘ड’ जीवनसत्त्व यांचे थेंब डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून द्यावे. पहिल्या आठवड्यांत वजन थोडें उतरतें. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तें भरून आलें कीं गाडी रुळावर आली असें समजावें.

घरीं आल्यावर खरी कसोटी लागते. रुग्णालयांत परिचारिका सांगत असे. घरांत पाहुणे, पांचवी, बारशाची तयारी आणि सोयराचे नियम. सोयर आहे म्हणून बापानें शिवावयाचें नाहीं, आजीनें शिवावयाचें नाहीं. मग चोवीस तास बाळ छातीवर धरणारी एकटी बाळंतीण, आणि तिनें अंघोळ-जेवण केव्हां उरकावें? बापाच्या, आजीच्या, मावशीच्या छातीलाहि ऊब तितकीच असते. हात स्वच्छ धुवावे, सर्दीखोकला नसावा, एवढीच अट. तेलपाण्याचें न्हाणें वजन चांगलें वाढेपर्यंत राहूं द्यावें. अंग कोमट पाण्याच्या बोळ्यानें पुसलें तरी पुरे. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवण्याची रीत तर सरळ प्राणघातक आहे; तिच्या वायूला वास नसतो, आणि तो आई व बाळ दोघांनाहि गुंगवितो.

घरच्या घरीं नवजातांचा बचाव होऊं शकतो, हें महाराष्ट्रानेंच जगाला दाखविलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील बायांना शिकवून बाळाची ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावरील औषध हीं घराघरांत पोंचविलीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्या गांवांचा हिशोब छापून आला. नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले होते. आज आशाताई नवजात बाळाच्या घरीं ज्या फेऱ्या घालतात, त्यांचें मूळ तेथें आहे.

ही सेवा किती दिवस करावयाची, असें माता हटकून विचारतात. पंचांग पाहण्याचें कारण नाहीं. वजन अडीच किलोच्या आसपास आलें, दिवस मोजतां चाळीस आठवडे भरले, कीं एके दिवशीं बाळ आपणच बांधलेल्या कापडांतून हातपाय बाहेर काढूं लागतें, वळवळतें, त्याला घाम येतो, परत आंत घातलें तर रडतें. तेव्हां कापड सोडावें.