सुई किती किलोमीटर चालते?

अकलोलीत तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथून हाकेच्या अंतरावर आमचं घर, आणि घरात बाबांची नाट्यसंगीताची एक एलपी. तिची सुरुवातीची गाणी अजून स्वच्छ वाजतात, पण शेवटच्या गाण्यात ‘स’ किंवा ‘श’ आला की फरफर होते. लहानपणी वाटायचं, ते गाणं आम्ही जास्त वेळा लावलं असणार. खरं कारण सुईच्या टोकात आणि ती बसवण्यात होतं.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेपासून लेबलापर्यंत तेवढेच. मात्र कडेचा फेरा मोठा आणि लेबलाजवळचा लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो, तर शेवटच्या गाण्यात जेमतेम २१. चराच्या भिंतींत लाटांच्या रूपात कोरलेला तेवढाच आवाज तिथे निम्म्याहून कमी लांबीत बसवलेला असतो. १० हजार हर्ट्‌झची एक लाट तिथे फक्त २१ मायक्रॉनची होते. ‘स’चा सीत्कार ऐकू येतो तो याच उंच पट्टीतून.

आता या लाटेत शिरायचं आहे सुईला. साधी सुई गोल टोकाची असते. त्या गोलाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, म्हणजे रुंदी ३६. कुंडात पाय बुडेल, पण कुंडाच्या दगडांमधल्या फटीत शिरणार नाही, तसंच हे. ती लाटेत उतरत नाही, वरच्या वर घासत जाते. लंबगोल टोकाची कड सुमारे ८ मायक्रॉनची, म्हणून ती आत जाते. १९७०च्या दशकात जपानमध्ये नोरिओ शिबाता यांनी आणखी वेगळा पैलू पाडला. त्यात टोक चराच्या लांबीच्या दिशेने पातळ, पण भिंतीला उभं, लांब टेकणारं असतं. मायक्रोलाइन हे त्याच जातीचं पुढचं टोक.

सगळ्यात आधी झिजते ती लंबगोल सुई. महाग म्हणजे टिकाऊ, असा आपला समज असतो, पण तिचा भिंतीवरचा टेकू गोल टोकापेक्षा लहान असतो. दोन ग्रॅमचा भार तेवढ्याशा ठिपक्यावर आला की दाब प्रचंड वाढतो. ऑडिओ-टेक्निका कंपनी आपल्या सुयांचं आयुष्य असं देते: गोल ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलाइन १०००. उभ्या टेकूमुळे भार पसरतो, म्हणून शेवटच्या दोघी जास्त टिकतात. एलपीची एक बाजू २० मिनिटांची धरली तर सुई त्यात सव्वाचारशे मीटरहून जास्त चर चालते. ५०० तासांत हा प्रवास ६४० किलोमीटरच्या पुढे जातो, तोही घर्षणाने तापलेल्या भिंतींमधून, धुळीचे कण चिरडत. सुईच्या टोकाचा हिरा झिजतो तो अशाने.

पूर्वी हिशेब उलटा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांत मुद्दाम खरबरीत भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी सुई घासून चराच्या मापाची करी, आणि म्हणून बाजूगणिक नवी सुई लावायची. तिथे सुई झिजे आणि तबकडी वाचे. एलपीवर मात्र हिरा झिजला की त्याच्या दोन्ही अंगांना सपाट पट्टे पडतात. त्या पट्ट्यांच्या कडा पटाशीसारख्या चर खरवडतात, आणि खरवडलेला चर परत भरून येत नाही.

म्हणून तासाचा भाव काढताना मी सुईपाशी थांबत नाही. समजा, २ हजारांची गोल सुई ५०० तास चालली आणि ८ हजारांची मायक्रोलाइन १००० तास, तर तासाला ४ रुपये आणि ८ रुपये पडले. पण मुदत उलटलेल्या सुईने आणखी एक वर्ष काढलं आणि त्यात पुन्हा न छापली जाणारी एलपी गेली, तर तो खर्च कुठल्या खान्यात मांडायचा? माझ्या मते तासांची नोंद ठेवणं हीच पहिली काटकसर. प्लेअरजवळ वही ठेवावी आणि वाजवलेली प्रत्येक बाजू तिच्यात मांडावी.

बसवणीचं तसंच आहे. मूळ तबकडी कोरणारी सुई कडेकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या प्लेअरचा हात मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे कमानीत. त्यामुळे सुई चराला अगदी सरळ मिळते ती फक्त दोन जागी. नेहमीच्या एका मांडणीत त्या केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. या जागांची खूण असलेला कागदी कोनमापक तबकडीऐवजी ठेवून कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, मागे-पुढे सरकवत बसवतात. गोल टोक थोडं तिरकं बसलं तरी गोलच राहतं, त्यामुळे चूक खपते. शिबातासारखं टोक तिरकं बसलं तर एक कड आधी टेकते आणि महागडी सुई एकाच अंगाने झिजते. समोरून पाहिलं तर सुई उभी सरळ हवी, आणि भार कंपनीने सांगितलेल्या मापातच. भार कमी ठेवला की तबकडी वाचते असं पुष्कळांना वाटतं. खरं तर हलकी सुई उड्या मारते, आणि प्रत्येक उडीनंतर भिंतीवर आदळते.

सुई नीट ठेवण्याची ही काळजी अंतराळातही सुटली नाही. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर एका सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे, आणि सुई कुठे, कशी ठेवायची याचं चित्र वेष्टनावर कोरलं आहे.

बाबांच्या प्लेअरवर मी कोनमापक ठेवला तेव्हा कार्ट्रिज चार मिलिमीटर मागे सरकलेलं निघालं. ते जागेवर आणून मायक्रोलाइन सुई लावली आणि तीच एलपी पुन्हा वाजवली. जुनी गोल सुई भिंतीच्या ज्या पट्ट्यावर घासत होती, त्याच्याखालीही हे टोक टेकतं, आणि तिथली भिंत बरीच शाबूत होती. शेवटच्या गाण्यातली फरफर पूर्ण गेली नाही, पण ‘स’ आता ‘स’ म्हणून ऐकू येतो.